जग्वारच्या पोटात शेवरोले

मराठी विभागाच्या संपादकांनी मला मेसच्या रांगेत गाठलं. "कवितांचा ढीग पडलाय. निम्म्या पावसावर आणि उरलेल्या आईवर. टेक्निकल लेख एकही नाही. तू मेकॅनिकलचा ना, मग तू लिही." मी सांगून पाहिलं की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, दहावीपर्यंत मराठीत मी कसाबसा तरलोय, आणि पहिली वेलांटी कुठे नि दुसरी कुठे हे अजून फोन करून आईला विचारतो. "ते आम्ही बघू," म्हणाले. तेव्हा वाचकहो, वेलांट्यांच्या तक्रारी संपादकांकडे आणि इंजिनाच्या माझ्याकडे!

विषय मला व्हायव्हाने दिला. 'आय. सी. इंजिन्स'च्या तोंडीला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "समजा, एका जुन्या भारी गाडीचं इंजिन काढून त्या जागी दुसऱ्याच कंपनीचं बसवायचंय. काय काय बघशील?"

"पॉवर, सर."

"आणखी?"

"टॉर्क, सर."

"आणखी?"

आणखी काही मला सुचेना. सर हसले आणि म्हणाले, "अरे, इंजिन म्हणजे काय बल्ब आहे का, जुना काढला की नवा लावला?" मार्क किती पडले ते विचारू नका.

गंमत म्हणजे ज्या प्रश्नावर मी अडलो, तोच प्रश्न माझ्या आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी हाताने सोडवला होता. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात मेस्त्री होते. त्यांनी तो बरोबर सोडवला की चुकीचा, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. ती गोष्ट शेवटी सांगतो. त्याआधी, सरांना द्यायला हवं होतं ते उत्तर.

गाडी कोणती?

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जग्वार एक्सजे-६. सप्टेंबर १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये ही गाडी आली. (हीच जग्वार कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून घेतली.) लांब, बुटकी, आत लाकूड आणि चामडं, आणि चालताना आवाज असा नाहीच. जाणकार लोक 'व्हिंटेज' हा शब्द खरं तर १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांसाठीच वापरतात, एक्सजेला ते 'क्लासिक' म्हणतील. पण आपल्याकडे जुनी ती व्हिंटेज, तेव्हा मीही तसंच म्हणतो.

तिचं मूळ इंजिन 'एक्सके'. एका रांगेत सहा सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि बिडाचा ब्लॉक. हे इंजिन १९४८ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि त्याची निरनिराळी रूपं १९९२ पर्यंत बनत होती. याच इंजिनाच्या जोरावर जग्वारने १९५१ ते १९५७ या काळात ल मांसची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. म्हणजे इंजिन काही ऐरंगैरं नव्हतं.

तरी अमेरिकेत कित्येक मालकांनी हे इंजिन काढलं आणि त्याजागी शेवरोलेचं ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ बसवलं. हे इतकं चाललं की त्यासाठी लागणारे ब्रॅकेट आणि सुटे भाग तयार संचात विकत मिळू लागले.

पॉवरसाठी? नाही!

आपल्याला वाटतं, व्ही-८ बसवलं म्हणजे गाडी पळवायची असणार. आकडे तसं सांगत नाहीत. अमेरिकेत १९७९ ते १९८७ मध्ये विकल्या गेलेल्या एक्सजे-६ ची ताकद १७६ अश्वशक्ती होती. त्याच सुमाराचं कारखान्यातून येणारं साधं ३५० शेवरोले १४५ ते १७० च्या घरात. म्हणजे कागदावर उलट कमीच! टॉर्क मात्र जास्त आणि तोही खालच्या फेऱ्यांवर, त्यामुळे सिग्नलवरून गाडी निघते छान.

इथे एक खाच आहे, परीक्षेलाही उपयोगी पडेल. १९६८ च्या एक्सजेची ताकद २४५ लिहिलेली सापडते. मग १७६ कशी झाली? काही वाटा धूर-नियमांचा, पण काही वाटा मोजपट्टीचा. आधी इंजिन टेबलावर नुसतं ठेवून, पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर वगैरे लोढणं न लावता मोजायचे. त्याला 'ग्रॉस' म्हणतात. १९७२ पासून अमेरिकेत सगळं लोढणं लावून 'नेट' मोजू लागले. दोन गाड्यांची तुलना करताना आधी पट्टी एक आहे का ते बघावं. सी.जी.पी.ए. आणि टक्क्यांसारखंच आहे हे.

मग इंजिन बदलायचं कशाला? उत्तर अगदी साधं. एक्सके तापून एकदा का हेड किंवा ब्लॉक गेला, की दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या वर जायचा. उलट शेवरोलेचं स्मॉल-ब्लॉक १९५५ पासून बनतंय. २०११ मध्ये जनरल मोटर्सने या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन बनवलं. प्रत्येक गावात पार्ट, प्रत्येक गावात मेकॅनिक. म्हणजे प्रश्न वेगाचा नव्हताच. प्रश्न होता, ही गाडी चालती ठेवायची की अंगणात गंजू द्यायची?

बसेल का?

आता सरांच्या 'आणखी?'कडे वळू.

पहिली गोष्ट, जागा आणि वजन. रांगेतलं सहा सिलिंडरी इंजिन लांब आणि अरुंद. व्ही-८ आखूड आणि रुंद. वजनात फार फरक नाही, पण आखूड असल्यामुळे व्ही-८ चा भार मागे, डॅशबोर्डकडे सरकवता येतो. पुढच्या चाकांवरचा बोजा वाढत नाही आणि स्टिअरिंगचा स्वभाव बिघडत नाही. अडचण येते ती रुंदीची. सहा सिलिंडरला एकाच बाजूने एक्झॉस्ट असतो, व्ही-८ ला दोन्ही बाजूंनी. त्यातली एक बाजू नेमकी स्टिअरिंगच्या दांड्याजवळ येते. तिथे मॅनिफोल्ड निवडताना चूक झाली तर गरम पाइप आणि स्टिअरिंग शेजारी-शेजारी नांदतात, आणि तो संसार टिकत नाही.

खाली सम्पचा खोलगट भाग पुढे आहे की मागे, हेही बघायला लागतं. एक्सजेच्या पुढच्या भागात सबफ्रेम आहे. इंजिनाचे माउंट आणि पुढचं सस्पेन्शन दोन्ही तीच पेलते. सम्प तिच्यावर टेकला तर इंजिन उचलून बसवायला लागतं, मग बॉनेट लागत नाही!

हादरे

दुसरी गोष्ट हादऱ्यांची, आणि भारी गाडीत हीच खरी. मारुतीत थोडी थरथर चालते, जग्वारमध्ये नाही.

'थिअरी ऑफ मशिन्स'मध्ये आपण बॅलन्सिंग शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. रांगेतल्या सहा सिलिंडरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही प्रकारची बलं आपोआप एकमेकांना रद्द करतात. नव्वद अंशाच्या व्ही-८ मध्ये क्रँकला योग्य काउंटरवेट लावले की जवळजवळ तेच साधतं. म्हणून ही अदलाबदल एक्सजेला मानवते. चार सिलिंडरमध्ये मात्र सेकंडरी बल शिल्लक राहतं, क्रँकच्या दुप्पट वेगाने वर-खाली ढोसत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कोल्हापुरात लागेल.

शिवाय स्फोटांची लय बदलते. फोर-स्ट्रोक सहा सिलिंडर इंजिन एका फेरीत तीन ठोके देतं, आठ सिलिंडर चार. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर इंजिन रिकामं चालत असेल, तर सेकंदाला १० फेऱ्या. म्हणजे पहिल्याचे ३० ठोके, दुसऱ्याचे ४०. रबरी माउंट या ठोक्यांच्या हिशेबाने निवडायचे असतात. माउंटची स्वतःची लय ठोक्यांच्या लयीपेक्षा बरीच खाली हवी. नाहीतर माउंट हादरे अडवण्याऐवजी वाढवून सीटपर्यंत पोचवतात. इंजिन उत्तम, फिटिंग उत्तम, आणि तरी सिग्नलला थांबल्यावर आरसा थरथरतोय, असं होतं ते यामुळे.

गिअरचं गणित

तिसरी गोष्ट, इंजिनाच्या फेऱ्या आणि चाकांच्या फेऱ्या यांचं लग्न जुळतंय का. कॅल्क्युलेटर घ्या. एक्सजेचं चाक एका फेरीत साधारण २.०५ मीटर जातं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १६६७ मीटर, म्हणजे चाकाच्या सुमारे ८१३ फेऱ्या. मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.३१ असेल आणि टॉप गिअर सरळ एकास एक, तर इंजिनाच्या फेऱ्या २७०० च्या आसपास. आता शेवरोलेबरोबर जनरल मोटर्सचाच चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावला (१९८२ च्या मॉडेलपासून आलेला), तर त्याचा चौथा गिअर ०.७० चा. फेऱ्या उतरतात १९०० च्या खाली. खाली टॉर्क देणारं व्ही-८ इतक्या फेऱ्यांवर आरामात गाडी ओढतं, आणि पेट्रोलही वाचतं. इंजिनाचा स्वभाव आणि गिअर जुळले तर हा असा फायदा. न जुळले तर एकतर गाडी किंचाळते नाहीतर रडते.

पाणी, पेट्रोल, ब्रेक आणि काटे

पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक तृतीयांश धुरातून जातो आणि उरलेला रेडिएटरने बाहेर टाकायचा असतो. जुना, अर्धा तुंबलेला रेडिएटर तसाच ठेवून वर नवं इंजिन बसवलं, तर ज्या तापण्यामुळे पहिलं इंजिन गेलं त्याच तापण्याने दुसरंही जातं.

एक्सजेला मागे दोन्ही बाजूंना दोन पेट्रोलच्या टाक्या आहेत. नंतरच्या गाड्यांत इंजेक्शन होतं, त्याच्या पंपाचा दाब अडीच बारच्या आसपास. शेवरोलेच्या कार्ब्युरेटरला त्याच्या एक पंचमांशही नको. पंप तसाच ठेवला तर कार्ब्युरेटर ओसंडून वाहतो, खाली गरम एक्झॉस्ट, आणि पुढे काय होतं ते फायर ब्रिगेडला विचारा.

ब्रेकचा सर्व्हो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. हौसेने शर्यतीचा कॅम घातला की रिकाम्या फेऱ्यांवर व्हॅक्यूम पडतो, आणि पेडल दगडासारखं होतं. गाडी पळवण्याच्या नादात ती थांबवण्याची सोय जाते.

आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे आर.पी.एम.चा काटा. तो इग्निशनचे ठोके मोजतो आणि त्याची समजूत अशी की तीन ठोके म्हणजे एक फेरी. व्ही-८ देतं चार. मग इंजिन ३००० वर असताना काटा ४००० दाखवतो. काटा बिघडलेला नसतो. घरात माणूस बदललाय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

शुद्ध कोण?

असं इंजिन बदललेलं कळलं की शुद्धतावादी लोक चिडतात. ब्रिटिश गाडीच्या पोटात अमेरिकन इंजिन, शिव शिव! पण जग्वारने स्वतः १९७७ पासून बारा सिलिंडरच्या एक्सजेला जनरल मोटर्सचा गिअरबॉक्स लावला. एक्सजेचा ए.सी.चा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंपही जनरल मोटर्सच्या घरचे. खुद्द रोल्स-रॉइसने १९५२ पासून जनरल मोटर्सच्या परवान्याने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वापरला. तेव्हा सोवळं कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, हे ठरवणं सोपं नाही.

माझ्या मते खरा प्रश्न इंजिन कुणाचं हा नाहीच. तो काय आहे हे मला पुस्तकात नाही, आबांच्या शेजारी बसून कळलं.

कोल्हापूरची इम्पाला

१९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला. आपल्याकडे ज्यांच्या दारात मोठ्या अमेरिकन गाड्या होत्या, त्यांचे डोळे पांढरे झाले. आबांच्या ओळखीच्या एका बागायतदारांकडे १९६० च्या दशकातली शेवरोले इम्पाला होती, व्ही-८ वाली. म्हणजे अमेरिकेत जे घराणं जग्वारच्या पोटात घालत होते, त्याच घराण्याचं इंजिन कोल्हापुरात काढायचं होतं! आत घालायचं होतं चार सिलिंडरचं पर्किन्स पी-४ डिझेल, ३.१ लिटरचं. डिझेल स्वस्त, आणि ही इंजिनं मद्रासला बनत असल्यामुळे पार्टची चिंता नाही. दोन्ही देशांत कारण एकच, जे मिळतं आणि परवडतं ते बसवा.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्या बागायतदारांचा नातू आबांना भेटायला आला होता. गाडी अजून आहे. त्याला ती पहिल्यासारखी करायचीय. त्यामागे एक नियमही आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न करता मूळ रूपात जपलेली हवी. मग वीस हजार रुपये भरून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. डिझेलवाली इम्पाला त्यात बसत नाही.

मी आबांना विचारलं, "आबा, तुम्ही तेव्हा बसवायला नको होतं ना ते डिझेल?"

आबा भडकले. "आरं लेका, पेट्रोल परवडंना म्हणून गाडी शेडात लावल्याली. कोंबड्या अंडी घालत हुत्या तिच्यात. मी इंजिन बसवलं नसतं तर तवाच कापून किलोवर गेली असती. आज हा पोरगा काय बघाय आला असता?"

"मग जुनं इंजिन कुठे गेलं?"

आबा जरा गप्प बसले. "त्येच किलोवर गेलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडी बघायला गेलो. चालू केली. ताकाच्या रवीसारखी घुसळत होती. मला व्हायव्हा आठवला, चार सिलिंडर, सेकंडरी बल! आबांनी त्या काळी ट्रकच्या टायरचं रबर कापून माउंट केले होते, आणि ऐंशीच्या पुढे गाडी नेऊ नका असं मालकांना बजावलं होतं. डिझेलच्या फेऱ्या कमी आणि डिफरन्शियल पेट्रोलच्या हिशेबाचं, तिसऱ्या मुद्द्यातलं गणित. पुस्तक न वाचता या माणसाला सगळं माहीत होतं.

मग मी खाली झोपून बघितलं. सम्पला जागा व्हावी म्हणून पुढच्या क्रॉसमेंबरचा तळहाताएवढा तुकडा गॅसने कापला होता आणि खालून पट्टी वेल्ड केली होती. वेल्डिंग इतकं सुबक की पन्नास वर्षांत केसाएवढी चीर नाही. पण मूळ तुकडा गेला तो गेलाच.

परतताना आबा आपणहून बोलले. "इंजिन बसवलं ह्यात माजी चूक न्हाई. पर कापाय नको हुतं. चार दिस जास्त लागलं असतं, सम्प दुसरा केला असता. आन् जुनं इंजिन मालकाला म्हनायला पायजे हुतं, ऱ्हाऊ दे कोपऱ्यात. त्यास्नी जागा नव्हती नि मला घाई हुती."

परतीची वाट

जगभरातल्या जाणकारांचं म्हणणं यापेक्षा वेगळं नाही. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा म्हणते की बदल करायचाच तर उलटा करता येईल असा करा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा. २०१७ मध्ये जग्वारने आपल्याच जुन्या ई-टाइपमध्ये विजेची मोटार बसवून दाखवली, तेव्हा बॅटरीचा ४० किलोवॉट-तासांचा ठोकळा मुद्दाम एक्सके इंजिनाच्याच मापाचा आणि साधारण त्याच वजनाचा केला. त्याच जागी बसणारा, गाडीत कापाकापी नाही. उद्या वाटलं तर जुनं इंजिन परत बसेल. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "कळलं की त्यास्नी. उशिरा का हुईना."

इम्पालाचं काम आता सुरू झालंय. त्या जातीचं व्ही-८ शोधलं तर मिळेल, दहा कोटी बनलीत. अडलंय ते तळहाताएवढ्या तुकड्यापाशी. आबांनी त्याचा आकार आठवून वहीवर काढून दिलाय, मी टेप आणि व्हर्निअर घेऊन गाडीखाली दोन दुपार घालवल्या आणि मापं घेतली. दोन्ही तीन मिलिमीटरने जुळत नाहीत. आबांच्या मते माझं व्हर्निअर चुकीचं आहे.

इंजिन बदलावं की नाही, याचं एकच उत्तर नाही. अंगणात गंजणाऱ्या गाडीपेक्षा चालणारी गाडी केव्हाही बरी. (आपल्याकडे करायचं असेल तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी, हेही विसरू नका.) पण पुढच्या व्हायव्हाला सरांनी पुन्हा 'आणखी?' विचारलं, तर जागा, वजन, हादरे, गिअर, पाणी, पेट्रोल, ब्रेक, काटे एवढं सगळं सांगून झाल्यावर मी शेवटी म्हणणार आहे, "सर, काही कापायचं नाही. आणि काढलेलं इंजिन कुठे ठेवायचं ते आधी ठरवायचं."

— टी. ई. (मेकॅनिकल)